ब्राउझरच्या खिशातले बिल्ले



देवळात जाताना चप्पल-स्टँडवर चपला ठेवल्या की तेथील माणूस तुमच्या हाती एक पत्र्याचा बिल्ला देतो. बिल्ल्यावर फक्त एक आकडा असतो, समजा ४७. तुमचे नाव, गाव, इयत्ता यांपैकी काहीही त्यावर लिहिलेले नसते. तरीही दर्शन घेऊन तुम्ही परत आलात आणि बिल्ला पुढे केलात, की तो माणूस बरोबर तुमच्याच चपला काढून देतो. तुमचा चेहरा त्याच्या लक्षात असतोच असे नाही. त्याचे काम आकड्यावर चालते.

हा बिल्ला नीट लक्षात ठेवा. इंटरनेटवर तुमच्याविषयीची माहिती कशी गोळा होते, हे समजून घेताना तो आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे.

विसराळू सर्व्हर

संगणकावर किंवा फोनवर संकेतस्थळे उघडून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांतील काही नावे. तुम्ही एखादे पान मागितले की ब्राउझर दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, तशी मागणी पाठवितो. सर्व्हर पान धाडतो आणि काम संपते. या देवाणघेवाणीच्या नियमांना एचटीटीपी असे नाव आहे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत काम करीत असताना ते प्रथम तयार केले.

या नियमांत एक गंमत होती. सर्व्हरला कसलीही आठवण नसे. एका क्षणापूर्वी पान मागणारे तुम्ही आणि आता दुसरे पान मागणारेही तुम्हीच, हे त्याला कळत नसे. नुसते लेख वाचायचे असतील तर त्यात काही बिघडत नाही. पण दुकान चालवायचे असेल तर? तुम्ही एक पुस्तक टोपलीत टाकले, पुढच्या पानावर गेलात, की टोपली रिकामी!

ही अडचण १९९४ साली नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने सोडविली. त्याने सुचविले की, पहिल्या भेटीत सर्व्हरने पानाबरोबर एक लहानशी चिठ्ठी पाठवावी. ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना ती आपणहून दाखवावी. या चिठ्ठीला ‘कुकी’ हे नाव पडले. तिच्यात बहुधा एक लांबलचक क्रमांक असतो. म्हणजे ती आपल्या बिल्ल्यासारखीच झाली. ज्याने बिल्ला दिला त्यालाच तो दाखवायचा, दुसऱ्याला नाही, असा नियमही माँटुलीने घातला. तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर एकदा प्रवेश केल्यावर प्रत्येक पानाला पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही, तो या कुकीमुळेच.

इथपर्यंत सारे ठीक आहे. मग घोटाळा कोठे होतो?

एका पानावर अनेक पाहुणे

तुम्ही बातम्यांचे एक पान उघडले आहे असे समजा. ते तुम्हांला एकसंध दिसते, पण तसे नसते. मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येतो. जाहिरात दुसऱ्याच कंपनीकडून, चलच्चित्र तिसऱ्याकडून आणि वाचक मोजणारा, डोळ्यांना न दिसणारा एक तुकडा चौथ्याकडून येतो. या प्रत्येकाकडे तुमचा ब्राउझर स्वतंत्र मागणी पाठवितो. त्यामुळे प्रत्येकाला आपापला बिल्ला देण्याची संधी मिळते. तुम्ही ज्यांच्याकडे गेलाच नव्हता अशा या पाहुण्यांच्या कुकीला ‘तृतीय पक्षाची कुकी’ म्हणतात.

मागणी कोणत्या संकेतस्थळावरून आली, हेही ब्राउझर सोबत कळवितो. या नोंदीचे नाव ‘रेफरर’. मूळ नियम लिहिताना या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळून पडला. तेच चुकीचे स्पेलिंग आजही जगभर वापरले जाते.

आता आपल्या चप्पल-स्टँडकडे परत या. समजा, देवळाबाहेर, ग्रंथालयाबाहेर आणि दवाखान्याबाहेर एकाच कंत्राटदाराचे स्टँड आहेत आणि तिन्ही ठिकाणी तुम्ही तोच ४७ क्रमांकाचा बिल्ला दाखविता. कंत्राटदाराच्या वहीत काय लिहिले जाईल? ‘४७ क्रमांक : सोमवारी ग्रंथालय, मंगळवारी दवाखाना, बुधवारी पुन्हा दवाखाना.’ बिल्ला ज्याने दिला त्यालाच दाखविला, म्हणजे माँटुलीचा नियम कोठेही मोडला नाही. तरी कंत्राटदाराला तुमची सारी दिनचर्या कळली.

मोठ्या जाहिरात कंपन्यांचे तुकडे असंख्य संकेतस्थळांवर असतात. म्हणून त्यांच्या वहीत गणिताचे पान, क्रिकेटचा धावफलक आणि रात्री घाबरून वाचलेली एखाद्या आजाराची माहिती एकाच क्रमांकाखाली जमा होऊ शकते. त्या क्रमांकाला नाव नसते हे खरे. पण तुम्ही कोठेतरी आपला ईमेल पत्ता किंवा फोन नंबर दिला आणि तो त्या वहीशी जोडला गेला, की क्रमांकाला नावही मिळते.

तेहेतीस प्रश्नांचा खेळ

बिल्ला फेकून दिला तर ओळख पुसली जाईल का? येथे थोडे गणित करू.

वर्गात ६४ मुले आहेत आणि मी त्यांतील एक मनात धरले आहे. प्रत्येक प्रश्नाला उरलेली मुले निम्मी होतील असे हो-नाहीचे प्रश्न विचारलेत, तर सहा प्रश्नांत ते मूल सापडेल. कारण २ चा सहावा घात ६४ होतो. हाच खेळ साऱ्या जगाशी खेळायचा असेल तर किती प्रश्न लागतील? २ चा तेहेतिसावा घात ८५८ कोटी ९९ लाख ३४ हजार ५९२ आहे. जगाची लोकसंख्या याहून कमी आहे. म्हणजे अवघे ३३ नेमके प्रश्न पुरतील.

ब्राउझर अशा कितीतरी प्रश्नांची उत्तरे न विचारता किंवा विचारताच देतो. ब्राउझर कोणता, संगणक कोणत्या जातीचा, पडदा केवढा, घड्याळ कोणत्या प्रदेशाचे, भाषा कोणती, अशी ती उत्तरे असतात. यांतील एकेक उत्तर क्षुल्लक वाटते. पण भाषा मराठी आणि घड्याळ नॉर्वेचे, एवढी दोनच उत्तरे एकत्र आली तर किती थोडी माणसे उरतात, याचा विचार करा. या पद्धतीला ‘ब्राउझरचा ठसा’ म्हणता येईल. बोटाच्या ठशाप्रमाणे तो खिशात नसून अंगावरच असतो. म्हणून तो पुसता येत नाही.

अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० साली ४ लाख ७० हजारांहून अधिक ब्राउझरांचे ठसे तपासले. त्यांपैकी ८३.६ टक्के ठसे एकमेवाद्वितीय निघाले. आता काही ब्राउझर हा ठसा पुसट करण्याचा यत्न करतात. टॉर ब्राउझर तर आपले सारे वापरणारे शक्यतो एकसारखे दिसावेत अशाच बेताने बनविला आहे.

बटण कोणत्या बाजूला?

कुकीच्या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट यंत्राची नाही, बटणाची आहे. सुरुवातीस ब्राउझर कुकी मुकाट्याने स्वीकारीत. सामान्य वाचकांना त्या आहेत हेही ठाऊक नव्हते. १९९६ साली वृत्तपत्रांतून याचा बोभाटा झाला. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीविषयीचा पहिला तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. तृतीय पक्षाच्या कुकी घेऊच नयेत, निदान त्या मुळात बंद ठेवाव्यात, असे त्यात सुचविले होते. पण त्या वेळच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी ही सूचना पाळली नाही. बटण चालूच ठेवून ब्राउझर लोकांच्या हाती दिला गेला. बहुतेक लोक बटणाला हातही लावीत नाहीत, त्यामुळे जाहिरातींचा प्रचंड व्यवसाय या एका बटणावर उभा राहिला.

सफारीने २०२० साली आणि फायरफॉक्सने २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने हे बटण मुळातच उलटे केले. ज्याचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे त्या गूगलने २०२० च्या जानेवारीत जाहीर केले की, दोन वर्षांत क्रोममधून या कुकी हद्दपार करू. ती मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. शेवटी २०२५ च्या एप्रिलमध्ये पूर्वीचीच पद्धत कायम ठेवण्याचे त्याने ठरविले. तेव्हा बटण कोणत्या बाजूला आहे, हे आपले आपणच पाहिले पाहिजे.

आता करून पाहा

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ हा भाग उघडा. शाळेच्या किंवा घरच्या सामाईक संगणकावर काही बदलण्यापूर्वी मोठ्यांना विचारा.

१) तृतीय पक्षाच्या कुकी बंद करा. एकाच कंत्राटदाराचा बिल्ला सर्वत्र चालणे यामुळे थांबते. बहुतेक संकेतस्थळे तरीही नीट चालतात.

२) साठलेल्या कुकी पुसून पाहा. सर्व ठिकाणी पुन्हा पासवर्ड द्यावा लागेल, कारण सारे बिल्ले गेले. मात्र समोरच्याच्या वहीतील जुन्या नोंदी यामुळे पुसल्या जात नाहीत.

३) परवानग्यांची यादी वाचा. तुमचे ठिकाण, कॅमेरा आणि मायक्रोफोन कोणकोणत्या संकेतस्थळांना खुला आहे? ज्याचे काम संपले त्याची परवानगी काढून घ्या.

४) ब्राउझरमध्येच आपल्या खात्याने प्रवेश केला असेल, तर पाहिलेल्या पानांची यादी त्या खात्यात साठते का ते तपासा. साठत असेल तर ते बंद करता येते.

५) एक प्रयोग करा. नेहमीच्या खिडकीत एखाद्या संकेतस्थळावर प्रवेश करा आणि तेच संकेतस्थळ ‘इन्कॉग्निटो’ म्हणजे खाजगी खिडकीत उघडा. ते तुम्हांला ओळखणार नाही. असे का झाले, याचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. या खिडकीतील कुकी आणि पाहिलेल्या पानांची यादी ती बंद करताच नाहीशी होते. पण हा पडदा फक्त तुमच्या संगणकापुरता आहे. पलीकडचे संकेतस्थळ आणि इंटरनेट पुरविणारी कंपनी यांना तुमची ये-जा दिसतच असते. याच गैरसमजावरून गूगलविरुद्ध २०२० साली अमेरिकेत दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत खाजगी खिडकीतून जमलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले.

यांतील एकही उपाय सर्व वाटा बंद करीत नाही. कोणते कुलूप कोणत्या दाराचे, हे कळणे महत्त्वाचे.

आपल्या देशातही या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खाजगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांच्या वागण्याचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई करणारी तरतूद त्यात आहे. म्हणजे कायद्याने विशेष विचार केला आहे तो तुमचाच.

शिक्षकांनी वर्गात एक लहानसा पाठ घ्यावा. ‘सर्व स्वीकारा’ असे विचारणारे एखादे पान फळ्याशेजारच्या पडद्यावर उघडावे आणि मुलांना विचारावे, ‘येथे कोण बिल्ला देऊ पाहत आहे? आपण ज्याच्याकडे आलो तो, की त्याच्या दारात बसलेला दुसराच कोणी?’ हा प्रश्न ज्याला सुचला, तो ते मोठे रंगीत बटण दाबण्यापूर्वी शेजारचे लहान बटणही वाचील.