निळी स्क्रीन आली म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

काम चालू असताना लॅपटॉप निळा (नव्या विंडोज 11 मध्ये आता काळा) पडतो, बऱ्याचदा पडलेल्या चेहऱ्याची खूण दिसते, खाली इंग्रजीत एखादी ओळ येते आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. मग यवतमाळ असो, पुसद असो की वणी, सल्ला ठरलेलाच मिळतो: "दुकानात ने आणि विंडोज मारून घे." माझ्या मते हा सल्ला सगळ्यात शेवटी यायला हवा. निळी स्क्रीन म्हणजे विंडोजने स्वतःहून घेतलेली माघार असते. यंत्रणेच्या गाभ्यात काही चुकीचे घडले आणि तरीही काम चालू राहिले, तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाण्याचा धोका असतो. म्हणून विंडोज थांबते आणि थांबण्याचे कारण बहुतेक वेळा 'मिनीडम्प' नावाच्या फोल्डरमध्ये नोंदवून ठेवते. फॉरमॅट मारला की ही नोंद जाते. तिच्यासोबत सातबाऱ्याचे स्कॅन, पीकविम्याच्या पावत्या आणि मुलांचे दाखलेही जातात.

फॉरमॅटशिवायही निळी स्क्रीन जाते, याचा सर्वात मोठा पुरावा 19 जुलै 2024 रोजी साऱ्या जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळी पडली. भारतातही विमानतळांवर प्रवाशांचे चेक-इन हाताने करायची वेळ आली. त्यावरचा उपाय मात्र फॉरमॅट नव्हता. यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींसह, सुरू करायचे आणि ती एक सदोष फाइल काढून टाकायची, एवढाच होता. दोष कुठे आहे हे कळले होते, म्हणून बाकीच्या कशालाही हात लावावा लागला नाही. घरच्या लॅपटॉपवरही पुष्कळदा दोषी ठरतो तो बाहेरच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, ग्राफिक्स किंवा प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की स्क्रीनवरचा कोड फसवा असतो. हा आक्षेप खरा आहे. 'मेमरी मॅनेजमेंट' असे लिहून आले म्हणजे रॅमच खराब आहे असे नाही. बिघडलेला ड्रायव्हरही तोच कोड दाखवू शकतो. पण म्हणूनच एका कोडवर निकाल देऊ नये. प्रत्येक वेळी मोबाइलने फोटो काढावा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केले की तारखेनुसार बिघाडांचा तक्ता उघडतो. त्यात पहिल्या बिघाडाच्या आदल्या दिवशी कोणते अपडेट किंवा ड्रायव्हर आला ते पाहावे. तोच कोड पुन्हा पुन्हा येत असेल आणि सुरुवात एखाद्या ड्रायव्हरनंतर झाली असेल, तर तो ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्यावा. दर वेळी वेगळाच कोड येत असेल, तर संशय रॅमकडे वळवावा. विंडोजमधलीच 'मेमरी डायग्नोस्टिक' चाचणी लावावी आणि दोन रॅम असतील तर दुकानदाराला एकेक काढून बघायला सांगावे.

आपल्याकडे आणखी एक उत्तर तयार असते: "उन्हाळा आहे, गरम झाला असेल." बहुतेक लॅपटॉप साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेत चालतील या हिशेबाने बनवतात, आणि यवतमाळचा मे महिना तर चाळिशीच्या पुढेच असतो. तेव्हा शंका रास्त आहे. फक्त अति तापलेला लॅपटॉप सहसा आधी मंदावतो आणि मग निळा न पडता एकदम बंद होतो. असे होत असेल तर पंख्यातली धूळ साफ करून घ्यावी आणि लॅपटॉप गादीवर ठेवणे थांबवावे. तिथे विंडोज मारून काहीच साधणार नाही.

"पण फॉरमॅटनंतर लॅपटॉप चालतो ना!" असे कोणी म्हणेल. चालतो, कारण दोषी ड्रायव्हरही त्यासोबत पुसला जातो. अपडेटमधून तो परत आला की निळी स्क्रीनही परत येते, आणि दोष रॅमचा असेल तर ती गेलेलीच नसते. रॅम आणि डिस्क तपासून झाल्या, 'एसएफसी' ही आज्ञा देऊन विंडोजच्या फायली दुरुस्त केल्या, तरीही यंत्र पडतच असेल, तर फॉरमॅटला माझा विरोध नाही. मात्र त्याआधी कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा विंडोजच्या 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असते. सेफ मोडमध्ये जाताना 48 अंकी बिटलॉकर की मागितली जाऊ शकते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती वहीत उतरवून घ्यावी.