मेन लाइन मोकळी ठेवा

हुबळी जंक्शनला बेंगळुरू, गदग आणि लोंढ्याकडचे रूळ एकत्र येतात. थांबायची मालगाडी इथे लूप लाइनला घेतात. मेन लाइनवर ती उभी राहिली तर मागच्या सगळ्या गाड्या अडतील. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटमधली ब्रँच मुलांना समजावताना मला हेच उदाहरण सर्वांत उपयोगी पडतं.

लिनक्सचा कोड सांभाळणारं बिटकीपर फुकट वापरायची सवलत गेली, तेव्हा एप्रिल 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. जगभरची माणसं एकाच कोडवर काम करणार, म्हणून ब्रँच काढणं अगदी स्वस्त हवं होतं. ब्रँच म्हणजे कोडची नक्कल नव्हेच. ती एका कमिटकडे, म्हणजे नोंदवलेल्या बदलाकडे, बोट दाखवणारी खूण असते. नेहमीच्या मांडणीत तिची फाइल भरते अवघी 41 बाइट! तरीही नवखी मुलं ब्रँच काढायला कचरतात आणि सगळं मेन या मुख्य ब्रँचवरच करत बसतात.

समजा, एका ॲपमधलं चुकीचं मराठी भाषांतर तुम्ही सुधारलंत. प्रकल्पाचा फोर्क, म्हणजे स्वतःची प्रत, काढलात, मेनवरच बदल केलात आणि तो मूळ प्रकल्पात घ्यावा म्हणून पुल रिक्वेस्ट पाठवलीत. ती तपासून व्हायला कधी कधी आठवडे लागतात. तेवढ्यात त्याच मेनवर दुसरा बग दुरुस्त करून पुश केलात, की तो बदलही पहिल्याच रिक्वेस्टमध्ये जाऊन बसतो. तपासणाऱ्याला भाषांतर पसंत आहे, दुसरा बदल नाही. आता त्याने करायचं काय? बहुतेकदा चांगलं कामही तसंच पडून राहतं.

म्हणून दर कामाआधी मूळ प्रकल्पाचं, म्हणजे अपस्ट्रीमचं, ताजं मेन फेच करा आणि त्यावरून नवी ब्रँच काढा. कॉन्फ्लिक्ट आला तर घाबरू नका. त्याच ओळी दोघांनी बदलल्यात, कोणत्या ठेवायच्या ते माणसाने ठरवावं, एवढंच गिट सांगत असतं. ब्रँचचे कमिट ताज्या मेनवर पुन्हा मांडणाऱ्या रिबेसने मात्र त्यांचे क्रमांक बदलतात. दुसरं कुणी त्याच ब्रँचवर काम करत असेल तर त्याला विचारल्याशिवाय रिबेस करू नका.

हुबळी-धारवाडच्या कितीतरी मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येतात. ॲपमध्ये खटकलेला शब्द दोन्ही भाषांत सुधारून पाठवा. फक्त मराठीची ब्रँच वेगळी काढा, कन्नडची वेगळी: तपासणारी माणसं सहसा वेगवेगळी असतात, आणि एकासाठी दुसरं काम अडायला नको.