संगणकाचे बिल, मुनीमजींची रोजकीर्द आणि बोलण्याची हिंमत

दुकानात संगणक आला तेव्हा आपल्यापैकी अनेकांना वाटले की हिशोबाची चिंता मिटली. बटण दाबले की बिल तयार. पण संगणकाला स्वतःची अक्कल नसते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जे लिहून ठेवले तेवढेच तो करतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. २०१७ साली हा कर आला तेव्हा एक हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असा नियम होता. आता मर्यादा अडीच हजार झाली. तिथपर्यंत ५ टक्के, वर १८ टक्के. त्यानंतर माझ्या दुकानात २६०० रुपयांचा एक ड्रेस विकला गेला. गिऱ्हाइकाला २०० रुपये सूट दिली. बिलावर सूट दाखवली असेल तर कर उरलेल्या किमतीवर, म्हणजे २४०० वर लागतो. ५ टक्क्यांनी १२० रुपये व्हायला हवे होते. संगणकाने ४३२ लावले! सूट वजा करण्याआधीच त्याने दर ठरवून टाकला होता. गिऱ्हाईक जुने म्हणून हसत परत आले. मी बिल दुरुस्त करून ३१२ रुपये परत दिले, पण त्या आठवड्यात आणखी किती जणांकडून हक्कापेक्षा जास्त घेतले गेले, या विचाराने झोप लागेना. आपल्या दीनमध्ये याचा जाब आहे.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. माझ्यासारखाच उर्दू माध्यमातून शिकलेला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने आधी कागद मागितला. "मामू, तुम्ही हातानं बिल कसं करता ते पायरीपायरीनं सांगा." पायऱ्यांच्या अशा रीतीला अल्गोरिदम म्हणतात, आणि हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथात वारसाहक्काच्या वाटणीचे हिशोब आहेत. म्हणजे हे शास्त्र आपल्याला परके नाही, आपणच त्याला परके झालो.

कागदावर चूक लगेच दिसली. त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट अशी की कराचा दर आणि मर्यादा प्रोग्रॅममध्ये दहा ठिकाणी लिहू नये. एकाच कोष्टकात, कोणत्या तारखेपासून लागू त्यासह ठेवावी. तारीख कशाला? ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर तो जुन्याच दराने जमा करायचा असतो. मग त्याने काठावरच्या किमती घालून तपासल्या: २४९९, २५००, २५०१, सूट देऊन आणि न देता.

हे पाहताना मला आपल्या हिमरूचा जकार्ड माग आठवला. कार्डाला भोक असेल तर ताण्याचा धागा वर जातो, नसेल तर खाली राहतो. एक भोक चुकीचे पडले की ती चूक प्रत्येक बुट्टीत उमटते. म्हणून जाणता कारीगर आधी वीतभर नमुना विणून पाहतो. फ्रान्समध्ये जकार्डने हा माग १८०४ च्या सुमारास तयार केला आणि त्याच कार्डांवरून पुढे चार्ल्स बॅबेज यांनी गणिती यंत्राची कल्पना केली.

हत्यारांपैकी गिट नावाचे एक साधन त्याने दाखवले. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले, फुकट मिळणारे. प्रोग्रॅममध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद त्यात राहते आणि चुकले तर मागे जाता येते. आमचे मुनीमजी रोजकीर्दीत कधी खाडाखोड करत नसत, उलटी नोंद करत. गोष्ट तीच.

खरी अडचण पुढे आली. दुरुस्त प्रोग्रॅम दाखवायला मी गुलमंडी आणि शहागंजमधले वीसेक दुकानदार जमवले. पोराने इंग्रजी शब्दांचा पाऊस पाडला. एक चाचा म्हणाले, "बेटा, बिल काढून दाखव." नेमके तेव्हाच इंटरनेट गेले. तो घामाघूम होऊन खाली बसला.

त्याला काय सांगणार? कापड व्यापाऱ्यांच्या एका मराठी बैठकीत माझा मुद्दा बरोबर असूनही, मराठी चुकेल या भीतीने मी तोंड उघडले नव्हते. आपली हुशार मुले मुलाखतीत मागे पडतात ती पुष्कळदा याच भीतीने. तरी दुकानदारीतले जे येत होते ते त्याला सांगितले. गिऱ्हाइकासमोर सगळे ठाण एकदम उलगडत नाहीत, आधी त्याला हवा तो पदर दाखवतात. बोलणे घरी मोठ्याने म्हणून पाहा, ऐकायला आईला बसव. इंटरनेटशिवाय चालणारी प्रत जवळ ठेव, छापील बिलेही ठेव. उत्तर येत नसेल तर "उद्या सांगतो" म्हण, आणि सांग.

दुसऱ्या वेळी त्याने ४३२ रुपयांचे ते बिल हातात धरून सुरुवात केली. दहा मिनिटांत संपवले. मराठी अडखळत होती, पण कोणी उठून गेले नाही. एकाने विचारले, दोन ड्रेसच्या बिलावर एकत्र सूट दिली तर मर्यादा कशी धरायची? त्याला उत्तर आले नाही. प्रश्न वहीत लिहून घेतला आणि संध्याकाळी माझ्या कर सल्लागाराकडे जाऊन बसला.