खबर आमची, कुलूप त्यांचे!

१४ एप्रिलची जयंती असो, ६ डिसेंबरचे अभिवादन असो, की तहसील कचेरीवरचा मोर्चा असो. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून एक माणूस उभा असतोच. अंगात साधा शर्ट, खिशात छोटी वही. कोण बोलले, काय बोलले, किती माणसे जमली, बाहेरगावचे कोण आले, हे सारे तो टिपत असतो. जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही तालुक्यात जा, कार्यकर्ते त्याला ओळखतात. तो पोलीस ठाण्याचा गोपनीय अंमलदार. पुष्कळदा तोही आपल्याच समाजाचा असतो. हळूच 'जयभीम' घालतो, चहा घेतो आणि वही मिटून निघून जातो.

त्याच्याशी आमचे भांडण नाही. तो नोकरी करतो. आमचा प्रश्न त्याच्या वहीच्या पुढचा आहे. ती नोंद जाते कुठे? तिच्यावरून निष्कर्ष कोण काढतो? आणि ती चुकीची निघाली तर दुरुस्त कोण करतो?

काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातला तरुण आमच्याकडे आला. सरकारी नोकरीसाठी निवड झालेली, वैद्यकीय तपासणी झालेली. पण चारित्र्य पडताळणीत गाडी अडली. अंगावर एकही गुन्हा नाही, खटला नाही. खेटे घालून चपला झिजल्या, तरी उत्तर एकच, 'अहवाल प्रतिकूल आहे, कारण गोपनीय आहे.' आई शेतमजूर. घरातली पहिलीच पगाराची नोकरी. आम्ही कायदा शिकलेलो, तरी त्या अहवालात काय असू शकते हे आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. शेवटी गोपनीय शाखेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांना गाठले. त्यांनी कोणतेही गुपित फोडले नाही. ते एवढेच म्हणाले, 'वकीलसाहेब, खबर वेगळी आणि पुरावा वेगळा. आम्ही कानावर आले ते लिहितो. कागद वर जाता जाता "असे समजते" हे शब्द गळून पडतात आणि उरते ते सत्य ठरते.' कोणता अहवाल कोण देतो, फेरपडताळणी कोणाकडे मागायची, अर्जात नेमके काय विचारायचे, हे त्यांनी समजावले. आम्ही तसा अर्ज केला. एका मोर्चातली हजेरी आणि दुसऱ्याच कोणाशी जुळलेले नाव, एवढ्यावरून तो शेरा पडला होता! तो तरुण आज नोकरीत आहे.

आमच्या कपाटातल्या कायद्याच्या पुस्तकांनी जे झाले नाही, ते त्या हवालदारांच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने झाले. म्हणून आम्ही म्हणतो, की निवृत्त गुप्तचरांनी एकत्र यावे आणि गुप्तवार्ता म्हणजे काय, ती कशी जमते, कशी तपासली जाते आणि कुठे चुकते, हे सामान्य माणसाला समजावून सांगावे.

अमेरिकेत आहे, इथे का नाही?

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९७५ साली सीआयएतून निवृत्त झालेले डेव्हिड ॲटली फिलिप्स यांनी माजी गुप्तचर अधिकाऱ्यांची संघटना काढली. ती आजही चालू आहे. नियतकालिक काढते, व्याख्याने ठेवते, विद्यार्थी आणि शिक्षकांपर्यंत जाते. ही संघटना म्हणजे संतांची मांदियाळी नव्हे! सीआयएच्या काळ्या कृत्यांवर टीकेची झोड उठली तेव्हा तिची बाजू मांडण्यासाठीच ती जन्माला आली. त्याच वर्षी सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने चौकशी सुरू केली. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे दूरध्वनी एफबीआय चोरून ऐकत होती, त्यांना बदनाम करण्याचे डाव रचत होती, हे त्या समितीने पुढे आणले. १९७६ साली सिनेटची कायमची देखरेख समिती आली. म्हणजे यंत्रणेची बाजू मांडणारेही उघड बोलले आणि तिला जाब विचारणारेही उघड बोलले. जनतेने दोघांचे ऐकले. शहाणपण येते ते असे.

आपल्याकडे काय आहे? केंद्राची इंटेलिजन्स ब्युरो आपला जन्म १८८७ सालचा सांगते. परंतु तिचे अधिकार आणि मर्यादा ठरवणारा स्वतंत्र कायदा संसदेने अजून केलेला नाही. २०११ साली मनीष तिवारी यांनी तसे खासगी विधेयक आणले. ते पुढे गेले नाही. ब्युरोतूनच निवृत्त झालेले आर. एन. कुलकर्णी २०१२ साली कर्नाटक उच्च न्यायालयात गेले आणि ही यंत्रणा कोणत्या कायद्याने चालते, असा प्रश्न त्यांनी विचारला. आयुष्य त्या खात्यात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न न्यायालयात विचारावा लागतो, यातच सारे आले.

बोलणाऱ्यांची तोंडे मात्र कायद्याने बांधली आहेत. १९८५ च्या कायद्याने सेवेत असलेल्या गुप्तचरांच्या संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधने आली. 'रॉ'मध्ये काम केलेले मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनी २००७ साली पुस्तक लिहिले, तर त्यांच्यावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. ३१ मे २०२१ रोजी केंद्राने निवृत्तिवेतनाचे नियम बदलले. आता केंद्रीय गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्याला खात्याच्या कामाविषयी काही छापायचे असेल, तर खातेप्रमुखाची परवानगी लागते. नाही घेतली तर पेन्शनवर गदा! ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याचीच परवानगी घ्यायची, हा कुठला न्याय?

देशाची खरी गुपिते फुटावीत असे कोणीच म्हणत नाही. खबऱ्याचे नाव, चालू मोहीम, सीमेवरची माहिती गुप्तच राहिली पाहिजे. पण खाते कोणत्या कायद्याने चालते, चुकले तर कोणाला जबाब देते, हे गुपित असूच शकत नाही.

बाबासाहेबांचा खुलासा

या प्रश्नावर बाबासाहेबांनी घटना समितीतच खुलासा केला आहे. २९ ऑगस्ट १९४९ रोजी केंद्रीय सूचीतील गुप्तवार्ता आणि अन्वेषणाच्या केंद्रीय संस्थेची नोंद चर्चेला आली. आज ती सूचीत आठव्या क्रमांकावर आहे. 'अन्वेषण' या शब्दावर सदस्यांनी शंका घेतल्या. बाबासाहेबांनी स्पष्ट केले, की या शब्दाने केंद्राला गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकार मिळत नाही. तो फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे पोलीस अधिकाऱ्याचा आहे. इथे अर्थ एवढाच, की काय चालले आहे याची चौकशी करून माहिती घेणे. खबर आणि पुरावा यांच्यात त्यांनी त्या दिवशी रेघ ओढून ठेवली. आमच्या हवालदारांनी वेगळे काय सांगितले होते?

बाबासाहेब स्वतः या वहीत होतेच. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली त्यांच्या चळवळीचा साधनग्रंथ छापला. त्यात वृत्तपत्रांच्या मजकुराबरोबर ब्रिटिशांच्या पोलिसी गुप्त गोषवाऱ्यातील नोंदीही आहेत. ज्या सभांना प्रस्थापितांच्या वर्तमानपत्रांनी चार ओळी दिल्या नाहीत, त्या सभा पोलिसांनी लिहून ठेवल्या. काल जी पाळत होती ती आज आमचा इतिहास झाली, कारण ती फाईल उघडली गेली. उघडलेली फाईल अभ्यासाला येते. बंद फाईल मात्र सत्तेच्या हातातला दंडुका असते.

आणि याच खानदेशात बाबासाहेबांनी माहिती गोळा करण्याची दुसरी रीत दाखवली. १९२९ साली मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करत ते खानदेशात आले होते. धुळे लाईनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याच्या चौकशीसाठी ते चाळीसगावला उतरले. परतताना चाळीसगाव स्टेशनवर एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना! शेवटी आपल्याच माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि सवय नसलेल्या हाताने हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. माहिती काढायला सरकारने नेमलेल्या माणसाची ही गत! पण ती माहिती उघड होती, पीडितांच्या तोंडून घेतलेली होती आणि तिच्याखाली घेणाऱ्याची सही होती.

आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या गावाची खबर वाहिली. वेशीवरचा येसकर कोण होता? गावात कोण आले, कोण गेले, कोण जन्मले, कोण मेले, हे चावडीला कळवणारा महारच. शिवेच्या वादात साक्ष त्याचीच. गावाची सारी माहिती त्याच्या डोक्यात आणि दप्तर मात्र दुसऱ्याच्या हातात! ती महारकी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणले. वतने गेली. पण खबर आमची आणि कुलूप त्यांचे, हा प्रकार गेला का?

अपयश कुणाचे?

मे १९७० मध्ये जळगाव पेटले, चाळीसहून अधिक माणसे मेली. त्याची चौकशी न्या. मादन आयोगाला करावी लागली. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात दंगल झाली, पोलीस गोळीबारात सहा जण गेले. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. ती अफवा खेड्यापाड्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचली होती. मग आमच्या सभेत कोण काय बोलले ते टिपणाऱ्या वहीत तिची नोंद झाली होती का? झाली असेल तर वर कोणी वाचली?

दर वेळी 'गुप्तचर यंत्रणेचे अपयश' हे तीन शब्द छापून येतात आणि विषय संपतो. खबरच मिळाली नव्हती की मिळून वाचली गेली नाही, हा फरक विचारायला आपल्याला येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राज्याने राम प्रधान समिती नेमली. तिच्यात 'रॉ'मधून निवृत्त झालेले, महाराष्ट्र केडरचे व्ही. बालचंद्रन होते. हल्ल्याच्या शक्यतेचे इशारे आधी आले होते, पण ते हाताळण्यात राज्य पातळीवर गोंधळ होता, हे त्या समितीने दाखवले. त्याच हल्ल्यावर निवृत्त पोलीस महानिरीक्षक एस. एम. मुश्रीफ यांनी २००९ साली करकरे यांच्या मृत्यूबद्दल पुस्तक लिहिले. त्यांची मांडणी न्यायालयांनी स्वीकारलेल्या घटनाक्रमाहून वेगळी आहे. आम्ही म्हणतो, दोघांचेही वाचा, पुरावा मागा, मग ठरवा. निवृत्त साहेब बोलला म्हणून ते वेदवाक्य नव्हे. तपासून घ्या, पटले तरच स्वीकारा, हे तर तथागतांनी कालामांना सांगितले.

पाळत ठेवली जाते त्यालाच पाळतीचे नियम ठाऊक नसतात, हे सर्वांत वाईट. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. तो १९५२ साली गेला, संशय गेला नाही. ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच दखल घेतली, की मागास आणि दलित-आदिवासी समाजातल्या निरपराधांची नावे पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये पूर्वग्रहाने जाऊ शकतात. राज्यांनी याचा आढावा घ्यावा, असे न्यायालयाने सांगितले. डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, जयंतीच्याच दिवशी, अटकेत गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर सुटले. मधली अडीच वर्षे कोण परत देणार?

म्हणून काय करावे?

पहिले, माहितीचा अधिकार वापरा. 'गुप्तचर खात्याला माहिती अधिकार लागू नाही' असे सांगून अर्जदाराला परत पाठवतात. ते अर्धसत्य आहे. कलम २४ प्रमाणे या खात्यांना सूट आहे हे खरे. पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्या आरोपासंबंधीची माहिती त्या सुटीतून वगळलेली आहे. मानवी हक्कांच्या बाबतीत माहिती आयोगाची मान्यता लागते आणि ४५ दिवसांत माहिती द्यावी लागते. हे कलम पाठ करा.

दुसरे, जळगाव आणि धुळ्यात निवृत्त पोलीस आणि गुप्तवार्ता कर्मचाऱ्यांचे एक मंडळ उभे राहावे. महिन्यातून एक रविवार, एखाद्या वाचनालयात वा विहारात. चारित्र्य पडताळणी कशी होते, प्रतिकूल शेऱ्यावर दाद कुठे मागायची, अफवा आणि खबर कशी ओळखायची, एवढेच शिकवावे. कोणाचे नाव नको, कोणते गुपित नको. केंद्राच्या सेवेतून आलेल्यांनी २०२१ चा नियम सांभाळून बोलावे. कायद्याच्या बाजूची मदत आमच्यासारखे वकील करतील. तो नियम बदलावा यासाठी वेगळा लढा द्यावा लागेलच.

निवृत्त बांधवांनो, आयुष्यभर तुम्ही समाजाची खबर सरकारला दिलीत. आता सरकारची रीत समाजाला समजावून सांगा. तुमच्यातल्या एकाच्या अर्ध्या तासाने एका शेतमजूर माउलीच्या घरात चूल नीट पेटली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. येत्या जयंतीला शेवटच्या खांबाला टेकून उभे राहू नका. पुढे या. व्यासपीठावर तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे.