दांतांची साक्ष

नाशिक शहरांत गोदावरीच्या कांठीं ‘मातीची गढी’ या नांवाचें जें जुनें टेकाड आहे, तेथें व संगमनेर तालुक्यांतील जोर्वे गांवीं ह. धी. सांकळिया व शां. भा. देव यांनीं १९५०-५१ सालीं उत्खनन केलें. रंगीत मडकीं, गारेचीं पातीं, तांब्याच्या कुऱ्हाडी अशा वस्तु वर आल्या आणि या प्रदेशांतील प्राचीन शेतकऱ्यांची ओळख पटली. त्यांच्या संस्कृतीला जोर्वेचेंच नांव पडलें. परंतु त्यांत रांधलेलें अन्न कोणाच्या पोटीं किती गेलें, हें मडकें सांगत नाहीं. तें सांगणारा साक्षीदार पुणें जिल्ह्यांत, घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें मिळाला. डेक्कन कॉलेजनें १९६८ सालापासून तेथें खणावयास आरंभ केला, तेव्हां त्याच जोर्वे लोकांचीं घरें व घरांच्या जमिनीखालीं पुरलेलीं माणसें सांपडलीं. त्यांचे दांत हाच तो साक्षीदार.

हाडें आयुष्यभर झिजतात व पुन्हा भरून निघतात. दांतावरील कवचाचें तसें नाहीं. तें एकदांच घडतें, त्याचा शेंकडा ९६ भाग खनिज असतो, आणि घडतांना राहिलेलें वैगुण्य पुढें कधींही बुजत नाहीं.

झिजेची खूण सर्वांस समजण्याजोगी आहे. इनामगांवचे लोक जव वगैरे धान्य दगडी पाट्यावर घासून दळीत. फिरतें जातें पुष्कळ नंतरचें. जातें टाकवून आणल्यावर पहिलें पीठ टाकून द्यावें, हें आपल्याकडील आजीबाईंना कोणी शिकवावें लागत नसे. दगडाची तीच कणी रोज घांसांतून जाऊं लागली म्हणजे दाढांचे उंचवटे सपाट होतात.

किडीची गोष्ट निराळी. शिजविलेल्या धान्याचा पिठूळ अंश दांतांच्या फटींत बसूं लागला कीं कीड वाढते, म्हणून शेतीबरोबर हें दुखणेंही बहुतेक ठिकाणीं आलें. बलुचिस्तानांतील मेहरगढ येथें साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वींच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांत गारेचें टोंक फिरवून पाडलेलीं भोकें आढळलीं. २००६ सालीं हें प्रसिद्ध झालें. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत. अर्थात् तीं माणसें त्यानंतरही जेवत होतीं!

परंतु सर्वांत बोलकी साक्ष मुलांची. इनामगांवीं तान्हें मूल दगावलें कीं दोन करड्या मडक्यांचीं तोंडें एकमेकांस भिडवून त्यांत तें ठेवीत व राहत्या घराच्या जमिनींतच पुरीत. दूर न्यावें असें आईला वाटत नसावें. या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर दर्शनी बाजूस कधीं कधीं एक खळगी दिसते. सुळ्याचें कवच आईच्या पोटांत घडूं लागतें व जन्मानंतर कांहीं महिन्यांनीं पुरें होतें. त्या अवधींत आईचें वा बाळाचें पोषण तुटलें, तर जबड्यांतील सुळ्यावरचें हाडाचें आवरण विरळ राहतें आणि कोवळें कवच दबतें, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

इ. स. पूर्व १४०० ते १००० हा इनामगांवच्या भरभराटीचा काळ. चौकोनी घरें, धान्याचें कोठार, पाणी वळविणारा बांध, सारें त्या वेळचें. पुढील तीनशें वर्षांत घरें जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या, शेती घटली, शिकारीवर भिस्त वाढली. पहिल्या काळचीं मुलें अधिक सुखी, असें कोणीही म्हणेल. जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत मात्र ही खळगी उत्तरकाळच्या मुलांतच कमी आढळली. कोठार असलेल्या गांवांतही आया अर्धपोटीं राहत असतील काय?

पुढें ग्वेन रॉबिन्स शुग यांनीं याच मुलांचीं हाडें मोजलीं. मुलाचें वय दांतांवरून ठरवावयाचें आणि त्या वयास हाड केवढें असावें हें ताडून पाहावयाचें, अशी ही रीत. २०११ सालच्या त्यांच्या ग्रंथांत उत्तरकाळच्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते. सुळ्यावरची खळगी जन्माच्या आगेमागेच्या महिन्यांचें सांगते, हाडें त्यापुढील वर्षांचें. कदाचित् दोन्ही साक्षी खऱ्या असतील. अंगावर पिणारें मूल तरलें असेल आणि ताटाशीं बसूं लागल्यावर त्याची आबाळ झाली असेल. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास तें गांव ओस पडलें.