कवेलूंचे छप्पर आणि स्नेह्यांचे हात

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात अड्याळ हे गाव आहे. भोवती भाताची शेते, मधूनमधून तळी व जंगल, आणि जुन्या आळ्यांत मातीच्या भिंतींची व कवेलूंच्या छपरांची घरे, अशी ह्या भागातील गावांची परंपरागत ठेवण. अन्यत्र ज्यांस कौले म्हणतात त्यांसच इकडे कवेलू हे नाव आहे. जुने घर पडले म्हणजे लोक म्हणतात, त्याचे वय झाले होते. परंतु बारकाईने पाहिले असता असे आढळते की, वयाने पडणारी घरे थोडी. छपराच्या आबाळीने पडणारी फार. आणि ती आबाळ द्रव्याच्या अभावी जितकी होते, तितकीच माणसांच्या अभावी होते.

ही गोष्ट नीट समजण्यास प्रथम छपराची रचना पाहिली पाहिजे. घराच्या माथ्यावर आढे असते. आढ्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे उतरते फाटे टाकलेले असतात, फाट्यांवर बांबूच्या कमच्या बांधतात आणि कमच्यांवर कवेलू रचतात. गावच्या कुंभाराने घडविलेले कवेलू अर्धगोल असून एका टोकास किंचित निमुळते असते. खालच्या थरातील कवेलू उताणे ठेवून त्यांचे निमुळते टोक उताराकडे करतात. म्हणजे ते पुढच्या कवेलूच्या रुंद तोंडात बसते व पाण्याची सलग नाली तयार होते. दोन नाल्यांमधील फट झाकण्यासाठी वरचा थर पालथा घालतात व त्याचे रुंद तोंड खाली ठेवतात. रचना नेहमी वळचणीपासून आढ्याकडे चढत जाते. ह्या कामात खिळा नाही की चुना नाही. प्रत्येक कवेलू केवळ आपल्या वजनाने आणि शेजाऱ्याच्या आधाराने जागेवर राहते.

ह्यातच त्या छपराचा गुण आहे व उणेपणही आहे. कवेलूंच्या फटींतून हवा खेळते, म्हणून वैशाखातील उन्हाचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी आत बसवते. पत्र्याच्या छपराखाली तसे बसवत नाही. परंतु जे बांधलेले नाही ते सरकावयाचेच. वाऱ्याने, मांजरांच्या धावपळीने आणि विशेषतः वानरांच्या उड्यांनी कवेलू हलतात व फुटतात. पालापाचोळा नाल्यांत साचून पाणी अडते. ह्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ५० इंच पाऊस पडतो. एका फुटक्या कवेलूतून गळणारे पाणी कमच्या कुजविते, मग फाट्याला भिजविते आणि शेवटी भिंतीच्या माथ्यावर उतरते. मातीची भिंत तेथे मऊ झाली की तिच्यावर टेकलेले लाकूड खचते, छपराचा उतार बिघडतो व आणखी कवेलू सरकतात. दोनतीन पावसाळे ही परवड चालली की चांगले सागवानी घरही बसते.

ह्यास्तव दरवर्षी कवेलू फेरण्याची चाल पडली. रब्बीचे पीक घरात आले आहे, मोहफुलांचे दिवस सरले आहेत आणि मृग नक्षत्र लागावयास, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, अजून अवकाश आहे, असा तो काळ. तेंदूची पाने तोडण्याचे कामही ह्याच सुमारास असल्यामुळे सकाळची माणसे जंगलात असतात. म्हणून छपराचा दिवस आधी ठरवून ठेवावा लागतो. फेरणी वर्षाची, पण काही वर्षे ती चुकली म्हणजे छप्पर उतरवून पुन्हा घालणे प्राप्त होते, आणि हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे.

अशा मोठ्या कामाची पूर्वतयारी हिवाळ्यापासून करावी. बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला असावा व काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला असावा. त्यातील पिष्ठ पाण्यात उतरते आणि मग पोखरणारा किडा त्यास सहसा लागत नाही. ऐन वेळी आणलेला हिरवा बांबू स्वस्त दिसतो, परंतु पुढे महाग पडतो. फाट्याची जी टोके भिंतीत जावयाची, त्यांस डांबर फासावे. कुंभाराकडे कवेलूंची मागणी वेळीच नोंदवावी, कारण ह्या कामाची भट्टी आता प्रत्येक गावी पेटत नाही.

कामाच्या दिवशी मित्रमंडळी जमली की प्रत्येकास त्याच्या प्रकृतीप्रमाणे काम द्यावे. छपरावर चढणारे दोघेतिघे हलके व सवयीचे असावेत. त्यांनी फाट्यांच्या रेषेवर आडवी फळी टाकून तीवरच पाय ठेवावा. विजेची तार वळचणीजवळून आत गेलेली असेल तर प्रवाह आधी बंद करवून घ्यावा. शिडीपासून अंगणापर्यंत बाकीच्यांनी ओळ धरावी आणि कवेलू हातोहात खाली यावे. फेकाफेकीत जितके फुटतात तितके वानरेही फोडीत नाहीत. खाली सावलीत एखाद्या वयोवृद्ध स्नेह्याने बसून निवड करावी. बोटाच्या पेराने टिचकी मारली असता खणखणीत वाजते ते कवेलू साबूत. बद्द वाजते त्यास तडा आहे असे समजावे. बहुतेक जुन्या छपरांतून पुष्कळ माल पुन्हा उपयोगी पडतो, आणि ही निवड चोख झाली तर खर्च मोठ्या प्रमाणात वाचतो.

दोन नियम कधीही मोडू नयेत. पहिला, छपराच्या दोन्ही बाजू सारख्या उतरवीत जावे. एकच बाजू रिकामी केल्यास भाराचा तोल जाऊन सांगाडा झुकतो. दुसरा, संध्याकाळपर्यंत जितके झाकता येईल तितकेच सकाळी उघडावे, कारण वळवाचा पाऊस कोणास विचारून येत नाही. कुजलेला फाटा काढण्यापूर्वी आढ्याला खालून टेकू द्यावा. हे लाकडाचे काम मात्र सुतारानेच करावे व त्याची मजुरी रोख द्यावी. स्नेही श्रम देतात, कसब देत नाहीत. हा भेद न राखल्याने छपरेही बिघडतात व स्नेहही बिघडतो.

आता प्रश्न असा की, पूर्वी ही माणसे कशी मिळत? त्याचे उत्तर सोपे आहे. सर्वांचीच घरे कवेलूंची होती. आज ह्याच्या घरी जो राबला त्याच्या घरी उद्या हा राबे. शेतीत ज्यास इर्जिक म्हणतात तशीच ही परतफेड होती. तिचा हिशेब कागदावर नसला तरी प्रत्येकाच्या ध्यानात असे. परंतु छपरे बदलत गेली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे एकमेकांत अडकणारी चपटी कौले करण्याचा कारखाना काढला. तीच इकडे इंग्रजी कवेलू म्हणून आली. ती सरकत नाहीत, म्हणून त्यांस दरसाल फेरावे लागत नाही. मागाहून पत्रे आले, सिमेंटचे स्लॅब आले, आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेने पक्क्या घरांस साहाय्य दिले. ह्यात खेद करण्यासारखे काही नाही; पावसाळ्याच्या रात्री गळक्या जागेखाली भांडी मांडणाऱ्या कुटुंबास पक्के छप्पर हे मोठेच सुख आहे.

परंतु ह्या बदलाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. आळीतील नऊ घरांवर स्लॅब पडला की दहाव्या घराचा कवेलूंचा मालक एकटा पडतो. त्याला मदत करणाऱ्यास आता त्याच्याकडून परत घेण्यासारखे काही उरत नाही. आणि दहावे घर बहुधा म्हाताऱ्यांचे असते. मुले नागपुरास किंवा त्याहून दूर गेलेली, अंगात बळ नाही, नवे बांधण्यास पैसा नाही. म्हणजे ज्यास मदतीची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच बाबतीत परतफेडीचा जुना नियम लंगडा पडतो.

जपानातील शिराकावा-गो ह्या डोंगरी प्रदेशात हाच पेच पडला होता. तेथील प्रचंड गवती छपरे पुन्हा शाकारावयास शंभराहून अधिक माणसे लागतात. ती देण्याची जी परस्पर चाल, तिला ‘युई’ म्हणतात. लोक गाव सोडू लागले तेव्हा ओगिमाची येथील रहिवाशांनी १९७१ साली मंडळ स्थापून तीन गोष्टी ठरविल्या: घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, पाडावयाचे नाही. १९९५ साली त्या गावांची जागतिक वारशात गणना झाली. कोठे कसबी कारागीर व बाहेरून येणारे स्वयंसेवक लागले, तरी एकत्र राबण्याची चाल तेथे टिकली.

अड्याळच्या परिसरातील साध्या घरास असा मान मिळावयाचा नाही, आणि प्रत्येक जुने घर राखलेच पाहिजे असेही नाही. परंतु ज्या घरात माणसे राहतात, ज्याचे लाकूड शाबूत आहे, त्याचे छप्पर केवळ हातांच्या अभावी खाली यावे हे गावास शोभत नाही. स्लॅबच्या घरात राहणाऱ्या आठदहा जणांनी मृगापूर्वी दोन दिवस दिले तर ते घर आणखी पुष्कळ पावसाळे पाहील. त्याची फेड कवेलूंच्या रूपाने होणार नाही. पण सारीच देणी ज्या रूपात घेतली त्याच रूपात फेडावी लागतात असे थोडेच आहे? पूर्वी जे काम व्यवहाराने होत होते, ते आता स्नेहाने करावे लागेल, एवढाच काय तो फरक.