उष्ण दाबाची छपाई : बिघाड व कटरची निवड

उज्जैनला कापडावरील छपाई नवखी नाही. तेथील भेरूगढ भागात बाटिकचे काम चालते. तापलेल्या मेणाने नक्षी झाकावयाची, कापड रंगवावयाचे व मग उकळत्या पाण्यात मेण उतरवावयाचे, अशी ही रीत. या बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच शहरातील माधवनगरात एखाद्या तरुणाने कर्ज काढून हीट प्रेस यंत्र मांडावयाचे ठरविले, तर २०२८ च्या सिंहस्थासाठी टोप्या, पिशव्या व स्वयंसेवकांचे टी-शर्ट यांचे काम त्याला मिळू शकेल. मात्र गिऱ्हाइकाचे कापड बिघडले तर भरपाई त्यालाच करावी लागते. म्हणून यंत्राचा स्वभाव आधी जाणून घ्यावा.

सर्वाधिक तक्रार येते ती धुण्यात व्हिनाइल सुटण्याची. दोष बहुधा मालात नसून दमट कापडात किंवा असमान दाबात असतो. छपाईपूर्वी कापड तीन ते पाच सेकंद दाबून त्यातील ओल घालवावी. दाब तपासण्यास कागदाच्या चार पट्ट्या चार कोपऱ्यांत ठेवून यंत्र बंद करावे. जी पट्टी सहज निसटते, तेथे दाब कमी समजावा. शिवण, गुंडी किंवा खिसा मध्ये आल्यासही हेच घडते. अशा वेळी आतून जाड गादी ठेवावी. साध्या व्हिनाइलला सुमारे १५० ते १६० अंश सेल्सिअस उष्णतामान व १० ते १५ सेकंद पुरतात. तथापि पुरवठादाराने दिलेले आकडेच प्रमाण मानावेत. यंत्रावरील आकडा व पाट्याचे खरे उष्णतामान यांत फरक पडू शकतो, म्हणून वेगळ्या तापमापकाने खात्री करणे बरे. छापील कपडा निदान एक दिवस धुवू नये.

सबलिमेशनचा प्रकार वेगळा. त्यास सुमारे १९० ते २०५ अंश लागतात आणि शाई पॉलिएस्टरमध्येच मुरते. शुद्ध सुती सदऱ्यावर ती फिकी पडून धुतल्यावर निघून जाते. यात यंत्राचा काही दोष नाही. चित्राला सावली पडल्यास पाटा उचलताना कागद सरकला, असे समजावे. लाल पॉलिएस्टरवर पांढरे व्हिनाइल गुलाबी झाले, तर कापडाचा रंग उष्णतेने वर आला आहे. तेथे कमी उष्णतेवर चिकटणारे व्हिनाइल वापरावे.

आता कटर. शाळेच्या खेळाडूंच्या अंगरख्यांवरील आकडे व नावे एवढेच काम असेल तर १२ ते १४ इंची यंत्र पुरेसे आहे. परंतु कापडी व्हिनाइलचे रोल बहुधा २० इंच रुंदीचे येतात, ते लहान यंत्रासाठी कापून घ्यावे लागतात. दुकानाच्या पाट्याही करावयाच्या असल्यास २४ इंची यंत्र घ्यावे. जाहिरातीतील रुंदीवर विसंबू नये : ७२० मिलिमीटर म्हणून विकले जाणारे यंत्र प्रत्यक्षात सुमारे ६३० मिलिमीटरच कापते. माझ्या मते नवख्याने मोठ्या कटरपेक्षा चांगल्या प्रेसवर पैसा खर्चावा.

कापताना अक्षरे उलटी करण्यास विसरू नये. नेहमीच्या व्हिनाइलला ४५ अंशांचे पाते व जाड, चमकीच्या मालाला ६० अंशांचे पाते लावतात. प्रत्येक नव्या रोलवर आधी लहान चौकोन कापून पाहावा. खालचा पारदर्शक कागद न चिरता वरचा थर सुटला, म्हणजे पात्याचा दाब जमला.